वाचकांचे प्रश्न : थायरॉइडची शस्त्रक्रिया आणि सोबतीचे वेळापत्रक

प्रश्न : मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे आणि एकटी राहते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत माझ्या थायरॉइड ग्रंथीत दोन्ही बाजूंना गाठी असल्याचे दिसले. उजवीकडच्या मोठ्या गाठीतील पेशी सुईने काढून तपासल्या, तेव्हा अहवालात निदान अनिश्चित असल्याचे लिहून आले. शल्यचिकित्सकांनी संपूर्ण ग्रंथी काढण्याचा सल्ला दिला आहे. आवाज गेला तर माझी नोकरीच संपेल, या भीतीने मला झोप लागत नाही. माझ्या तीन जिवलग मैत्रिणी आहेत, पण त्यांना मी अजून काहीही सांगितलेले नाही. प्रत्येकीला आपापला संसार आणि आपापल्या अडचणी आहेत. दोन दिवसांचा प्रश्न आहे, माझे मी निभावून नेईन, असे वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर : आधी अहवालाविषयी लिहिते, कारण ‘अनिश्चित’ या शब्दाचा अर्थ बहुतेक जण ‘कर्करोगच, पण डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत’ असा लावतात. सुईच्या तपासणीचे निष्कर्ष जगभर बेथेस्डा पद्धतीच्या सहा वर्गांत मांडले जातात. त्यांतील तिसऱ्या आणि चौथ्या वर्गांतील गाठींबद्दल केवळ पेशी पाहून ठाम काही सांगता येत नाही. विशिष्ट प्रकारच्या गाठीत पेशींनी गाठीचे आवरण भेदले आहे का, यावर निदान अवलंबून असते आणि ते आवरण सुईतून येत नाही. त्यासाठी गाठ अख्खी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. अशा अनेक गाठी शेवटी साध्या निघतात. एकाच बाजूला गाठ असती, तर अर्धीच ग्रंथी काढण्याचा पर्याय बहुधा पुढे आला असता. तुमच्या बाबतीत तो का नाही, हे शल्यचिकित्सकांना नि:संकोच विचारा. हा प्रश्न विचारला म्हणून कोणताही जाणता डॉक्टर रागावणार नाही.

आता आवाज. स्वरयंत्राच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या दोन नसा थायरॉइडच्या मागच्या अंगाने, दोन्ही बाजूंनी वर जातात. शस्त्रक्रियेत त्या शोधून, डोळ्यांसमोर ठेवून जपाव्या लागतात. अनेक ठिकाणी त्यासाठी नसेचा प्रतिसाद मोजणारे यंत्रही वापरतात. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस किंवा काही आठवडे आवाज बसणे, लवकर थकणे हे बऱ्याच जणांना अनुभवास येते, आणि त्यात भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीचाही वाटा असतो. कायमची इजा अनुभवी हातांत क्वचितच होते. मात्र तुमच्यासारख्या, आवाजावर ज्यांचे पोट आहे अशांनी आणखी एका नसेची चौकशी करावी. वरच्या बाजूची ही बारीक फांदी आवाजाला उंची देते. तिला धक्का बसला तर रोजचे बोलणे ठीक राहते, पण मोठ्याने बोलणे आणि वरचा स्वर लावणे जड जाते. शस्त्रक्रियेपूर्वी स्वरयंत्राची तपासणी होणार आहे का आणि वर्षभरात अशा किती शस्त्रक्रिया आपण करता, हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या.

तो कागद धरायला शेजारी एक मैत्रीण असावी, आणि तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर इथूनच सुरू होते. भेदरलेल्या माणसाला डॉक्टरांच्या खोलीत ऐकलेले निम्मेही आठवत नाही. जी मैत्रीण शांत डोक्याची आहे आणि मुद्दे टिपून घेऊ शकते, तिला या भेटीला न्या. एखादी फार हळवी असेल, तर तिच्यासाठी दुसरे काम राखून ठेवा.

‘दोन दिवसांचा प्रश्न’ हा तुमचा हिशेब मला मान्य नाही. रुग्णालयातला मुक्काम खरोखरच एक-दोन दिवसांचा असतो, परंतु शरीराच्या अडचणी त्या मुक्कामाची वेळ पाहून येत नाहीत. पहिला धोका पहिल्या २४ तासांतला असतो. जखमेच्या आत रक्तस्राव होऊन गळ्यावर सूज चढली, तर श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो. हे शंभरात एखाद्या-दुसऱ्याच रुग्णाला होते, पण झाले तर मिनिटांचा प्रश्न असतो. म्हणूनच ती रात्र बहुधा रुग्णालयात काढायला सांगतात. तुम्हाला त्याच दिवशी घरी सोडणार असतील, तर रात्री घरात दुसरे जागे होऊ शकणारे माणूस असलेच पाहिजे. गळा झपाट्याने फुगणे, श्वास घेताना आवाज येणे, आडवे पडताच गुदमरणे, यांतले काहीही दिसले तर फोनाफोनी करत न बसता तातडीने रुग्णालय गाठायचे असते, हे त्या माणसाला आधीच माहीत हवे.

दुसरा टप्पा साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा, म्हणजे नेमका तुम्ही घरी पोहोचल्यानंतरचा. थायरॉइडच्या मागे बहुतेकांना चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात आणि त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. संपूर्ण थायरॉइड काढताना त्यांचा रक्तपुरवठा दुखावला गेला, तर त्या काही काळ मंदावतात. मग ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, आणि प्रमाण अधिक घटल्यास हातापायांत पेटके येतात. अनेकांना हे तात्पुरते होते आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी आटोक्यात येते. थोड्यांना मात्र ते उपचार दीर्घकाळ घ्यावे लागतात. एकटे राहणारे माणूस या मुंग्यांना ‘अशक्तपणा असेल’ म्हणून झोपून जाते, आणि मला काळजी नेमकी याची वाटते. दुसऱ्या मैत्रिणीला एवढेच काम द्या की तिने पहिले चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ फोन करून ‘बरी आहेस ना?’ न विचारता ‘ओठांना, बोटांना मुंग्या आहेत का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला तुम्ही ‘हो’ म्हणून मोकळ्या व्हाल. दुसऱ्याला खरे उत्तर द्यावे लागेल. फोनवर आवाज निघत नसेल, तर लिखित निरोपही चालतो.

तिसरीकडे घरकाम सोपवा. साधारण दोन आठवडे जड वस्तू उचलायच्या नसतात आणि गिळताना दुखत असल्यास पहिले काही दिवस मऊ अन्न लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी मान बराच वेळ मागे ताणून ठेवलेली असते, त्यामुळे पुष्कळांना जखमेपेक्षा मानेचा मागचा भागच जास्त दुखतो.

मैत्रिणींना सांगताना ‘मला तुमची गरज लागेल’ असे मोघम सांगू नका. तारीख, वेळ आणि काम सांगा. संसार असलेल्या बाईला ‘काहीही लागले तर सांग’ असे म्हणणे सोपे असते आणि पाळणे अवघड. पण ‘गुरुवारी रात्री माझ्याकडे झोपायला येशील का?’ या विनंतीला ती हो किंवा नाही म्हणू शकते. कोणी नाही म्हणाली, तर तो नकार त्या गुरुवारपुरता समजावा. शिवाय त्यांच्यापासून लपवून तुम्ही त्यांचा त्रास वाचवत आहात, हेही मला पटत नाही. गळ्यावरचा व्रण पाहून त्यांना हे कळणारच आहे, आणि तेव्हा आपल्याला परके मानल्याचे दु:ख वेगळे होईल.

प्रश्न : आमच्या मैत्रिणीची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगामुळे काढली. सुरुवातीला आम्ही सगळ्या आळीपाळीने तिच्याकडे राहिलो. आता दीड महिना झाला आहे, जखम भरली आहे, आणि हा बरा होणारा कर्करोग असल्याचे सगळेच सांगतात. तरीही ती दिवसभर मरगळलेली असते, चिडते, साध्या गोष्टी विसरते. लवकरच तिला किरणोत्सारी आयोडीनचा उपचार देणार आहेत. ती स्वत:ला सावरत नाही, असे आमच्यातील काहींना वाटते. आम्ही कसे वागावे? आमच्या घरी लहान मुले आहेत, तर उपचारानंतर तिला भेटावे का?

उत्तर : तिला ‘सावर’ म्हणण्यापूर्वी, काढलेल्या ग्रंथीच्या संप्रेरकाची भरपाई करणारी तिची गोळी सध्या चालू आहे की थांबवली आहे, हे तिला विचारा. किरणोत्सारी आयोडीनच्या तयारीसाठी काही रुग्णांची थायरॉइडची गोळी तीन-चार आठवडे मुद्दाम बंद ठेवतात किंवा सुरूच करत नाहीत. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून टीएसएच हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते आणि उरल्यासुरल्या थायरॉइड पेशी आयोडीन जोमाने शोषून घेतात. काहींना याऐवजी इंजेक्शन देऊन गोळी चालू ठेवता येते. तुमच्या मैत्रिणीची गोळी बंद असेल, तर तिची मरगळ, विसराळूपणा, थंडी वाजणे आणि बारीकसारीक गोष्टींवरून येणारे रडू हे संप्रेरकाच्या अभावाचे सरळ परिणाम असू शकतात.

हे जुन्या काळच्या डॉक्टरांनाही कष्टाने कळले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी थायरॉइडची शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की पुढे १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून पाहिले, तेव्हा त्यांतील अनेक जण सुजलेले, सुस्त आणि मंद झालेले आढळले. हे निरीक्षण त्यांनी १८८३ मध्ये मांडले. शस्त्रक्रिया यशस्वी होती, जखमा भरल्या होत्या, आणि तरीही माणसे बरी नव्हती. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा आजारावर उपचार करून दाखवला, आणि १९१४ मध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन हे संप्रेरक वेगळे काढले. आज तुमची मैत्रीण घेते किंवा घेणार आहे ती गोळी याच संप्रेरकाची.

गोळी चालू असली, तरी दीड महिन्यात सगळे जागेवर आले असेल असे समजू नका. या औषधाचा शरीरातील अर्धा अंश जायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे मात्रा बदलली की रक्तातील पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणून रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात, आणि योग्य मात्रा सापडेपर्यंत असे एक-दोन फेरे होणे अगदी नेहमीचे आहे. ही गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबर घेतली, तर ती नीट शोषली जात नाही. दोहोंत चार तासांचे अंतर लागते. विसराळू झालेल्या माणसाकडून नेमकी हीच गल्लत होते, आणि तिथे एखादी मैत्रीण सकाळच्या आठवणीचे काम बिनबोभाट करू शकते. केस-नखांसाठीच्या पूरक गोळ्यांत बायोटिन असेल, तर रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तेव्हा अशा गोळ्यांविषयी तपासणीपूर्वीच डॉक्टरांना सांगायला तिला सुचवा.

पॅपिलरी कर्करोगाचे भवितव्य बहुतेकांच्या बाबतीत खरोखर चांगले असते. पण ‘बरा होणारा कर्करोग’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी धीर देते आणि मैत्रिणींच्या तोंडी पुष्कळदा तक्रार मिटवण्यासाठी येते. एखादीने शेजारी बसून ‘आज काय जड गेले?’ असे विचारले, तर ती अधिक बोलेल. उदासी दाट असेल, ती जगण्याबद्दल निराशेचे बोलत असेल, तर संप्रेरकाच्या हिशेबाची वाट न पाहता तिच्या डॉक्टरांना लगेच कळवा. गोळी बंद असल्याच्या काळात प्रतिक्रिया मंदावतात, तेव्हा तिने वाहन चालवू नये. तिला तपासणीला नेण्या-आणण्याचे काम तुमच्यापैकी कोणीतरी घ्यावे.

मुलांचे म्हणाल, तर उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ ची किरणोत्सारिता सुमारे आठ दिवसांत निम्मी होते आणि शरीर त्याचा बराचसा भाग लघवीवाटे त्याहून लवकर टाकून देते. किती दिवस किती अंतर राखायचे, हे दिलेल्या मात्रेवर ठरते आणि रुग्णालय ते लेखी देते. त्या कागदावर असलेले नियम काटेकोर पाळा. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी ते अधिक कडक असतात. मात्र मुदत संपल्यावर भीतीपोटी आणखी महिनाभर तिला टाळू नका. एकांताच्या त्या दिवसांत फोन, पत्र, दाराबाहेर ठेवलेला डबा यांतून काहीच संक्रमित होत नाही.

प्रश्न : थायरॉइडची अर्धी ग्रंथी काढून तीन आठवडे झाले. मी ५८ वर्षांचा आहे. गाडी कधी चालवावी? व्रण किती दिवस असा लाल राहील? मित्र मदतीला तयार आहेत, पण कामे सांगायला संकोच वाटतो.

उत्तर : मान दोन्ही बाजूंना न दुखता पूर्ण वळत असेल, गुंगी आणणारी वेदनाशामके बंद झाली असतील आणि शल्यचिकित्सकांची हरकत नसेल, तर गाडी चालवता येईल. मागचे पाहताना मान आखडत असेल, तर अजून थांबा आणि तोवर चाक मित्राच्या हाती द्या. संकोच मोडायला हे सोयीचे काम आहे. व्रण काही महिने लालसर आणि टणक राहतो, आणि तो मुरायला वर्षभर लागू शकते. तोवर त्याला उन्हापासून झाका, नाहीतर तो कायमचा काळवंडू शकतो. तो वाढत जाऊन जाड झाला किंवा खाजू लागला, तर डॉक्टरांना दाखवा. अर्धी ग्रंथी उरलेल्या अनेकांना गोळी लागत नाही, पण काहींना पुढे लागते, म्हणून बरे वाटत असले तरी सहा ते आठ आठवड्यांची टीएसएच तपासणी चुकवू नका. तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेपर्यंत सोबत येशील का, हेही त्याच मित्राला आजच विचारून ठेवता येईल.