ताशी वाहतुकीचा आलेख आला तर

आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखनाच्या पहिल्या टास्कमध्ये असा आलेख दिसला की लगेच आकडे उतरवायला बसू नकोस. आधी उभा अक्ष बघ: शून्यापासून सुरू होतो का, आकडे साधे आहेत की हजारांत? तिथे गडबड झाली की पुढचं सगळं मुसळ केरात. मग रेषेचा एकूण आकार बघ. सकाळी आठ-नऊला उसळी, दुपारी सपाट, संध्याकाळी पुन्हा चढ. ओव्हरव्ह्यूला, म्हणजे आलेखाचा एकूण सारांश सांगायला, एवढं पुरतं. वाहनं 400 वरून 600 झाली तर वाढ 200 ची, टक्केवारीत मात्र 50. इथे भलेभले घसरतात! आलेखात दोन रेषा असतील तर त्या जिथे छेदतात ती वेळ हमखास लिही. ‘ऑफिसं सुटली म्हणून’ असली कारणं घुसडू नकोस. आलेखात ती नसतात. किमान 150 शब्द आणि साधारण 20 मिनिटं, त्यात तासातासाचा हिशेब कोण मागतंय?