ब्लॉक मुंबईला कशाला पाठवायचा?

प्रश्न: माझा भाचा सहा वर्षांचा आहे, त्याच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन नागपुरातच झालं. आधी महिनाभर सकाळी सकाळी उलट्या व्हायच्या, आम्ही ॲसिडिटी समजून राहिलो होतो. रिपोर्टमध्ये मेड्युलोब्लास्टोमा (मेंदूचा एक कॅन्सर) आलं. आता डॉक्टर म्हणतात ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचा जपून ठेवलेला तुकडा, मुंबईला पाठवून मॉलिक्युलर टेस्ट (जीन्सची तपासणी) करा. कॅन्सर आहे हे तर कळलंच ना, मग परत टेस्ट कशाला? ताई पार खचली आहे.
— एक मामा, मानेवाडा, नागपूर

उत्तर: मामा, आधी ताईला सांगा की उलट्यांचं कारण पोटातच शोधलं जातं, जवळपास प्रत्येक घरात हेच होतं, तिचं काही चुकलं नाही.

आता टेस्टचं. नाव एक असलं तरी हा आजार एक नाही. मायक्रोस्कोपखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठी जीन्स तपासल्या की मुख्य चार गटांत पडतात: डब्ल्यूएनटी, एसएचएच, ग्रुप 3, ग्रुप 4. डब्ल्यूएनटी निघाला तर नीट ट्रीटमेंट घेतलेली 90 टक्क्यांच्या वर मुलं वाचतात, ग्रुप 3 मध्ये मिक (MYC) नावाच्या जीनच्या कॉपी वाढलेल्या असतील तर फार अवघड जातं. डब्ल्यूएनटीवर उपचार इतके चांगले का लागू पडतात, याचं एक उत्तर उंदरांवरच्या प्रयोगात मिळालं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या एरवी औषधाला आत येऊ देत नाहीत, पण डब्ल्यूएनटी गाठ स्वतःच आपल्या रक्तवाहिन्या गळक्या करून ठेवते, त्यामुळे किमो थेट आत पोचते. एसएचएचमध्ये रक्तवाहिन्यांची ती भिंत शाबूत राहते.

मग चांगला गट निघाला तर रेडिएशन कमी करा असं तुम्ही म्हणाल. मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी नेमकं हेच करून पाहिलं, डब्ल्यूएनटीच्या मुलांना पूर्ण मेंदू-मणक्याचं रेडिएशन न देता फक्त गाठीच्या जागी दिलं, पण काही मुलांना दुसरीकडे आजार उलटला आणि ट्रायल लवकर थांबवावी लागली. म्हणून गट कळला तरी डोस डॉक्टरच ठरवतील, घरी बसून कमी-जास्त करायचा विचार करू नका.

ब्लॉक म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. त्याच्या केसाहूनही कितीतरी पातळ चकत्या कापून टेस्ट होते. स्लाइड वेगळी, ब्लॉक वेगळा, मागताना दोन्ही मागा, सोबत रिपोर्टची कॉपी घ्या. आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवाल तर मेण वितळेल, पिशवीत सावलीतच न्या. तिकडे उरलेला तुकडा रिसर्चला द्यायचा का असं विचारतील, वाचून, समजून सही करा, वर सांगितलेले चार गट अशा दिलेल्या तुकड्यांतूनच सापडले आहेत.

रिपोर्ट यायला वेळ लागला तरी रेडिएशन लांबवायचं नाही, ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत ते सुरू व्हायला हवं, तारीख आजच विचारून घ्या.