तिक्तग्राही? नको हो, तिखट वेगळं आणि तिक्त वेगळं

प्रश्न असा आलाय: धुळ्याच्या एक ताई एम.एस्सी.ला आहेत, संवेदना नेणाऱ्या नसांमधल्या पेप्टाइडांवर (प्रथिनांसारखे पण छोटे निरोप्ये रेणू) आणि त्यांच्या रिसेप्टरांवर (असे रेणू जिथे जाऊन लागतात ती पेशीवरची प्रथिनं) मराठीत लेख लिहितायत. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला लागतं त्याला 'तिक्तग्राही' म्हटलं तर चालेल का, आणि रिसेप्टरला ग्राही म्हणायचं की ग्राहक?

ताई, तिक्तग्राही अजिबात नको. ऐकून ऐकून कान किटलेत. तिक्त म्हणजे कडू. कारलं, कडुनिंब. कडूचे रिसेप्टर जिभेवर वेगळेच असतात, माणसात त्यांचे सुमारे 25 प्रकार, मिरचीशी त्यांचा संबंध नाही. गोंधळ होतो कारण संस्कृतात मिरी 'कटु' आणि निंब 'तिक्त', आपण मराठीत कटुचा कडू केला आणि तो निंबाला देऊन टाकला, मग मोकळा राहिलेला तिक्त लोक तिखटाला चिकटवतात.

आणि तिखट तिक्तवरून आलेलाच नाही! संस्कृतच्या एका निवृत्त सरांनी यावर माझ्याशी तासभर वाद घातला होता. सर, तुमचा मान आहे, पण उच्चार तुमच्या बाजूने नाहीत. क्त चा प्राकृतात त्त होतो: भक्त, भत्त, भात. सक्तु, सत्तु, सातू. तिक्तचं 'तीत' झालं असतं, हिंदीकडे तीता आहेच. मग हा ख कुठून आला? क्ष मधून. तीक्ष्ण, तिक्ख, तिख आणि पुढे आंबट-खारट-तुरटमधला ट. तिक्त हा चुलतभाऊ आहे, बाप नाही.

चुलतभाऊ म्हणतो कारण घर एकच, तिज् धातू, धार लावणे. त्यातूनच तीक्ष्ण, त्यातूनच तेज, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्यातूनच तितिक्षा, सोसण्याची ताकद. पाणिनीचं सूत्रच आहे, गुप्तिज्किद्भ्यः सन्, म्हणजे तिज् ला सन् प्रत्यय लागतो आणि तितिक्षा होते. धार, आग आणि सोसणं एका धातूत!

आता नंदुरबारच्या मिरची पथारीवर चला. लांबच लांब लाल मिरची वाळत पडलेली, बायका बसून देठ खुडतायत, आणि दुपारपर्यंत बोटं लालबुंद, मनगटापर्यंत आग. हाताला जीभ नाही तरी मिरची झोंबतेच ना? साखर झोंबते असं कुणी म्हणतं का? म्हणजे तिखट ही चव नाहीच, ती वेदना आहे. अहिराणीत 'तोंडले आग लागनी' म्हणतात ते अगदी बरोबर, कारण कॅप्सेसिन ज्याला लागतं तो टीआरपीव्ही-1 हा रिसेप्टर, नसेच्या टोकावरचं एक दारच, साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो, नसेला दोन्ही सारखंच. तो 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला, 2021 च्या नोबेलमधल्या त्यांच्या वाट्यामागे हा शोध मोठा. तो उघडला की नस मेंदूला कळवते आणि त्याच टोकातून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही पेप्टाइडं बाहेरही सोडते. सीजीआरपीने रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून बोटं लाल, सबस्टन्स पीने त्या पाझरतात, म्हणून सूज. (सबस्टन्स पी मधला पी म्हणजे पेन असं शिकवणाऱ्यांनी कृपया थांबावं, ती पावडर आहे, 1931 साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी घोड्याच्या आतड्याच्या आणि मेंदूच्या अर्कापासून केलेली.)

आणि तितिक्षा? पथारीवरच्या एक मावशी मला म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात रात्री झोप लागली नाही, आता काही वाटत नाही. कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा लागलं की नसेचं टोक बधिरतं, आतला पेप्टाइडांचा साठाही कमी होतो. तिखटातूनच तितिक्षा येते, माझ्या मते तिज् मध्ये हा अनुभव आधीपासून होता, मिरची अमेरिकेतून यायच्या कितीतरी आधी, मिरी आणि सुंठ होतीच की. सर हे मानणार नाहीत, पण मी मानतो.

ग्राहकाचं राहिलंच. ग्राही लिहा, ग्राहक दुकानातला. आणि पेप्टाइड कुठलं, ग्राही कुठला हे वाक्यावाक्यात वेगळं ठेवा, कारण मायग्रेनची काही नवी औषधं सीजीआरपीलाच पकडतात आणि 2018 साली आलेलं एरेनुमॅब मात्र त्याच्या ग्राहीवर जाऊन बसतं, नावं सरमिसळ झाली तर वाचणाऱ्याला औषध कुठे लागतं तेच कळणार नाही. टीआरपीव्ही-1 ला सरळ तिखटग्राही लिहा.