रयत बाहेर की आत?

खानापूरहून एका वाचकानं विचारलंय: "बेळगावच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी सी-शार्पमध्ये हिशेबाचा प्रोग्रॅम लिहितोय. शेतकऱ्यांची लिस्ट एक्सएमएलमध्ये काढली की सगळ्यात बाहेरच्या टॅगला 'ॲरेऑफफार्मर' असं नाव येतं. मालकांना टॅग मराठीत हवेत. आतल्याला 'शेतकरी' दिलं, मग बाहेरच्याला काय देऊ? शेतकरीचं अनेकवचनही शेतकरीच!"

(एक्सएमएल म्हणजे माहिती नावाच्या खुणांमध्ये, म्हणजे टॅगमध्ये, गुंडाळून फायलीत ठेवायची पद्धत.) प्रश्न वरवर प्रोग्रॅमिंगचा, पण गाडी अडलीय व्याकरणात. मराठीत पुल्लिंगी नाम आकारान्त नसेल तर अनेकवचनात ते तसंच राहतं. एक शेतकरी, दहा शेतकरी. एक ग्राहक, दहा ग्राहक. आकडा-आकडे, नोंद-नोंदी, पोतं-पोती यांचं भागतं, शेतकरी-ग्राहकांचं भागत नाही. तुमच्या शेजारच्या टेबलावर कन्नड बोलणारा बसत असेल तर त्याला ही पंचाईत नाही. त्याच्याकडे ग्राहकचं ग्राहकरु होतं, रैतचं रैतरु.

या रैतापाशी जरा थांबतो, कारण गंमत इथंच आहे. शब्द मुळात अरबी. तिथं त्याचा अर्थ कळप, आणि त्यावरून राजाची प्रजा. मराठीत तो 'रयत' झाला: स्त्रीलिंगी, एकवचनी, समूहवाचक. 'रयत सुखी आहे' म्हणतो आपण, 'दारात एक रयत आलीय' असं आज कुणी म्हणत नाही. कन्नडात मात्र रैत म्हणजे एक शेतकरी, नांगरासकट उभा. सरकारी 'रैत संपर्क केंद्रा'ची पाटी आपल्या भागातला मराठी माणूस 'रयत' अशीच वाचतो आणि त्याचं काही अडत नाही. पण एकाच शब्दाचा आपण बाहेरचा टॅग केला, त्यांनी आतला.

तेव्हा बाहेरच्या टॅगसाठी अनेकवचन शोधूच नका, समूहवाचक नाम शोधा. शाळेत पाठ केलेली यादी आठवा: किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, भाजीची जुडी, मडक्यांची उतरंड. आपल्या भाषेत हे भांडार केवढं आहे! यंत्र मात्र सगळ्यालाच 'ॲरेऑफ' म्हणतं, म्हणजे जे दिसेल तो ढीग. यार्डात असं बोलून बघा. जमिनीवर ओतलेली रताळी हा ढीग. तीच पोत्यांत भरून रचली की थप्पी. पोत्याच्या बाहेर 'थप्पी', हिशेबाच्या ओळींच्या बाहेर 'पट्टी' (शेतकऱ्याच्या हातात पडते तीच).

शेतकऱ्यांसाठी 'रयत' द्यावं का? मी देणार नाही. अडत दुकानात तो शब्द फार दरबारी वाटेल. साधं 'यादी' बरं:

<शेतकरीयादी>
  <शेतकरी>…</शेतकरी>
  <शेतकरी>…</शेतकरी>
</शेतकरीयादी>

'शेतकऱ्यांची यादी' का नाही? एक तर टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही. दुसरं, 'ऱ्य' हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: कुणाच्या कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ येतो, कुणाच्या साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. एक्सएमएल मात्र अक्षरांचे कोड ताडून बघतं, त्यामुळे तुमचा टॅग दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला सापडणारच नाही.

आता कोडकडे. लिस्ट एखाद्या क्लासच्या आत प्रॉपर्टी म्हणून असेल तर 'एक्सएमएल-ॲरे' या ॲट्रिब्यूटनं (कोडवर चिकटवायच्या चिठ्ठीनं) बाहेरचं नाव ठरतं आणि 'एक्सएमएल-ॲरे-आयटम'नं आतलं. त्यांच्याऐवजी नुसतं 'एक्सएमएल-एलिमेंट' लावलंत तर बाहेरचं वेष्टनच जातं आणि शेतकरी सुटे, एकाखाली एक येतात. (जावा भाषेतल्या जॅक्स-बी या अशाच साधनात उलटं: मुळात सुटेच येतात, वेष्टन मागून घ्यावं लागतं.) पण तुम्ही नुसती लिस्टच सिरियलायझरच्या (माहिती एक्सएमएलमध्ये उतरवणाऱ्या आणि परत वाचणाऱ्या साधनाच्या) हातात दिलीय, म्हणून 'ॲरेऑफ' दिसतंय. अशा वेळी आतलं नाव शेतकऱ्याच्या क्लासवर 'एक्सएमएल-टाइप' लावून बदलतं. बाहेरचं बदलायला सिरियलायझर बनवतानाच त्याला 'एक्सएमएल-रूट' द्यायचं. मात्र असा सिरियलायझर एकदाच बनवून जपून ठेवा. प्रत्येक पट्टीला नवा बनवलात तर दर वेळी मेमरीत नवी असेंब्ली (तयार कोडचं गाठोडं) तयार होते आणि ती तिथंच पडून राहते. मला विचाराल तर शेतकरीयादी नावाचा छोटा क्लासच करा, ही भानगडच नको.

जाता जाता: 'सिरियलाइझ'साठी 'क्रमिकीकरण' वगैरे घडवू नका. वहीत उतरवतो तसं 'एक्सएमएलमध्ये उतरवणं' पुरे.

आणि 'पोतं' की 'पोते' हे आधी मालकांना विचारून ठरवा. ते पोतं म्हणत असतील तर पोतंच ठेवा, पण मग सगळीकडे तेच. एखाद्या फायलीत 'पोते' शिरलं तर वाचणारा सिरियलायझर अनोळखी टॅग म्हणून मुकाट्यानं ते सोडून देईल, आणि कुणा शेतकऱ्याच्या पट्टीत एक पोतं कमी लागेल.