बंदीतले दोन महिने

प्रश्न: मी रत्नागिरी तालुक्यातली. माझे मिस्टर नेपाळचे. सोळा वर्षं मिरकरवाडा बंदरात मासेमारी बोटीवर आहेत, आधी खलाशी होते, आता तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. लग्नाला पाच वर्षं झाली, मुलगी तीन वर्षांची. दरवर्षी जून-जुलैत ते गावी जातात. नागरिकत्वासाठी कोणी म्हणतं लग्नापासून सात वर्षं थांबा, कोणी म्हणतं बारा. एक एजंट म्हणतो, मतदान कार्ड काढून देतो, तेवढं पुरे. काय करावं?

उत्तर: ताई, आधी त्या एजंटला दारातूनच परत पाठवा. मतदान कार्डाने कोणी नागरिक होत नाही. नागरिक नसताना खोटं लिहून मतदार यादीत नाव घातलं तर तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुढे खरा अर्ज कराल तेव्हा तेच कार्ड आडवं येईल. आधार कार्ड असेल तर असू दे. ते रहिवाशाला मिळतं, पण तोही नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.

आता सात की बारा? नागरिकत्व कायदा, १९५५ मध्ये दोन्ही आहेत. बारा वर्षं कलम ६ ची, म्हणजे देशीयकरणाची, जिथे परदेशी माणूस लग्नाच्या नात्याविना, दीर्घ वास्तव्यावर नागरिक होतो. सात वर्षं कलम ५(१)(ग) ची, भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्यांसाठी नोंदणीची. तुमची वाट दुसरी. आणि ही सात वर्षं लग्नाची नाहीत, भारतातल्या वास्तव्याची आहेत. अर्जाच्या वेळी लग्न झालेलं हवं, वास्तव्य लग्नाआधीचंही धरतात. त्यामुळे आणखी दोन वर्षं थांबायचं कारण नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि ती तुमच्या पत्रातल्या एका साध्या वाक्यात आहे: 'दरवर्षी जून-जुलैत ते गावी जातात.'

सात वर्षांचे कायद्याने दोन तुकडे केले आहेत. अर्जाआधीचे लगतचे बारा महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. दुसरा तुकडा तुम्ही सहज पार करता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तेवढे दोन महिने दरवर्षी वजा केले तरी आठ वर्षांच्या ९६ महिन्यांतले ८० उरतात, लागतात ७२. पण लगतच्या बारा महिन्यांत एक बंदी येणारच, आणि मिस्टर गाडीत बसले की ते बारा महिने तुटले. परत आल्याच्या दिवसापासून मोजणी पुन्हा सुरू. सोळा वर्षं राहूनही माणूस अपात्र ठरतो तो असा. देशीयकरणाने गेलात तरी हीच गाठ, तिथेही शेवटचे बारा महिने सलगच लागतात. (त्या वाटेवर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली, म्हणजे भाषांच्या यादीतली, एखादी भाषा पुरेशी यावी लागते. गंमत म्हणजे १९९२ पासून नेपाळीही त्या यादीत आहे.)

२०१५ च्या दुरुस्तीने या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट ठेवली, तुकड्यातुकड्यांत घेतली तरी चालते. पण ती विशेष परिस्थितीत आणि केंद्र सरकारने दिली तर. हक्क म्हणून मागता येत नाही. तिच्या भरवशावर तिकीट काढू नका. एक बंदी इथेच काढा, जाळी विणायला माणसं लागतातच. सासूबाईंना भेटायचं असेल तर त्यांनाच इकडे बोलवा, १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांनाही व्हिसा लागत नाही.

त्याच मोकळ्या सीमेचा एक तोटा मात्र आहे. पासपोर्टवर शिक्के नाहीत, म्हणजे इथे राहिल्याचा कागद दुसरीकडून उभा करावा लागतो. तुम्ही पाठवलेला मालकाच्या वहीचा फोटो मला फार आवडला: नारळी पौर्णिमेच्या आसपास 'उचल' म्हणून रक्कम, पुढे हंगामभर वाटणीचे आकडे, मे अखेर हिशेब चुकता आणि खाली मिस्टरांची सही. अशा आठ-नऊ वर्षांच्या वह्या मिळाल्या तर भाडेकरारापेक्षा भारी. जोडीला बँक पासबुक, खलाशाचं ओळखपत्र, दवाखान्याचे कागद. पण त्याच वहीत जून-जुलै कोरे दिसतात, म्हणून अर्जात 'कधी बाहेर गेलो नाही' असं लिहू नका. खोट्या माहितीला याच कायद्याच्या कलम १७ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय मिळालेलं नागरिकत्वही काढून घेता येतं.

लग्न देवळात झालं असेल आणि ग्रामपंचायतीत नोंद नसेल तर ती आजच करा. दाखल्याशिवाय पुढे पाऊल पडणार नाही. मिस्टरांनी नेपाळचा पासपोर्टही काढून ठेवावा.

मुलीची काळजी नको. तिचा जन्म इथला, आई भारतीय, आणि वडील बेकायदा आलेले नाहीत. ती जन्मानेच नागरिक आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागद जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलीस चौकशी, मंत्रालय आणि शेवटी दिल्लीचं गृह मंत्रालय. किती दिवस लागतील याचा आकडा मी सांगणार नाही, जो सांगेल त्याला पैसे देऊ नका. पात्र असूनही अर्ज नाकारता येतो आणि कारण देण्याचं बंधन सरकारवर नाही, हे नागरिकत्व कायद्याचं कलम १४ मला स्वतःला कधीच पटलेलं नाही, पण आहे ते आहे.

मंजुरी मिळाली तर नेपाळचं नागरिकत्व सोडावं लागेल, दोन्ही ठेवता येत नाहीत. गावी वडिलोपार्जित जमीन असेल तर तिच्यातल्या हिश्श्याचं काय होईल, हे तिथल्या वकिलाला आधी विचारा. आणि मिस्टरांनी भावांच्या कानावर ही गोष्ट आत्ताच घालावी, नागरिकत्वाची शपथ घेऊन झाल्यावर नव्हे.