पर्सिस्टंट नाव ‘सातत्यपूर्ण’ कसं असेल?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलंय: जुन्या, छोट्या संगणकावर अल्पाइन लिनक्स ही आटोपशीर संगणकप्रणाली घातलीय, नेटवर्क कार्डं दोन. संगणक पुन्हा सुरू केला की कधीकधी ‘इथ-०’ आणि ‘इथ-१’ ही नावं आपसांत बदलतात. उपायाचं टिपण विद्यार्थ्यांना मराठीत द्यायचंय, तर ‘पर्सिस्टंट नेम’ला, म्हणजे संगणक कितीदा सुरू केला तरी त्याच कार्डाकडे राहणाऱ्या नावाला, ‘सातत्यपूर्ण नाव’ म्हणावं का?

अजिबात नाही. व्यायामात सातत्य, अभ्यासात सातत्य ऐकून कान किटलेत, आता कार्डाच्या नावातही? ‘सतत’मध्ये ‘तन्’ धातू आहे, ताणणे. खंड न पडता ताणलेलं ते सतत. इथे नावात खंड पडतच नाही, ते शेजाऱ्याला जाऊन चिकटतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कार्डं सापडतील त्या क्रमाने आकडे वाटतो, क्रम फिरला की आकडे फिरले.

गंमत पुढेच आहे. ‘पर्सिस्टंट’च्या पोटात लॅटिन ‘सिस्टो’ आहे आणि तो आपल्या ‘तिष्ठति’चा सख्खा भाऊ. मूळ धातू एकच, उभं राहणे. दोघांतही त्याचं पहिलं अक्षर दोनदा आलंय. हा ‘तिष्ठति’ आपल्या बोलण्यात अजून आहे! परवा एका मित्राने गुडलक चौकात मला पाऊण तास ताटकळवलं. मी कठड्यावर तिष्ठत बसलो, म्हणजे व्युत्पत्ती पाहिली तर उभा राहून बसलो.

कोणी म्हणेल, मग ‘स्थायी’ घ्या, तोही ‘स्था’चाच. घ्या की, पण मला त्यात समितीचा वास येतो. माझं मत ‘कायम’ला. अरबी ‘क़ाइम’ म्हणजेही उभा. मुक्काम आणि किंमत त्याच घरातले. (‘कायदा’ दिसतो भाऊबंद, पण तो ‘बसणे’ या धातूचा.) भाषाशुद्धीवाले लगेच भुवया उंचावतील. पुढे त्यांच्या बाजूला गेलेल्या कवी माधव जूलियनांनीच १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश दिला होता, हे त्यांना सांगा. नोकरीत ‘कायम’ झाल्याचे पेढे मात्र शुद्धीवालेही खातात.

हां, तुमचं टिपण. लिनक्समध्ये ‘प्रेडिक्टेबल’, म्हणजे आधी सांगता येणारी, नावंही असतात. त्यांना ‘कायम’ म्हणू नका, ती निराळी भानगड. उदाहरणार्थ ‘एनपी३एस०’ हे नाव कार्ड कोणत्या खाचेत बसलंय त्यावरून येतं. त्याच खाचेत दुसरं कार्ड बसवलं तरी नाव तेच. तुम्हाला हवंय ते कार्डाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाला, बांधलेलं. अल्पाइनमध्ये बिझीबॉक्स या आज्ञासंचातला ‘नेमइफ’ ते करतो: ‘मॅकटॅब’ फाइलीत एका ओळीत नाव आणि मॅक पत्ता लिहायचा, कार्ड ‘डाउन’ (बंद) असतानाच ‘नेमइफ’ चालवायचा. कार्ड बदललं की ओळही बदला.

लिनक्समध्ये कार्डाच्या नावाला जागा १५ बाइटची आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. ‘कायम’ १२ बाइटांत मावतो. ‘तिष्ठत’ला १८ लागतात, तो बिचारा बाहेरच.