रिपोर्टवर सगळीकडे ‘आर’ आलंय, म्हणजे जंतू जास्त घातक आहे का?

तुम्ही विचारलंय की वडील मुंबईत आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत, कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला आणि मेरोपेनेम या जोरदार अँटिबायोटिकसकट जवळपास सगळ्या औषधांपुढे ‘आर’ आहे. हा जंतू साध्या क्लेबसिएलापेक्षा जास्त जहाल आहे का? आणि घरी लहान बाळ आहे, त्याचं काय?

परळच्या एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये मी 22 वर्षं काम करते. असाच कागद हातात घेऊन काउंटरपाशी उभी राहिलेली माणसं रोज दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, एवढंच सांगतो की त्या औषधाला हा जंतू दाद देणार नाही. तो शरीरात किती नासधूस करेल, हे त्या कागदावर कुठेच नसतं. नेहमीच्या कल्चरमध्ये आम्ही ते तपासतच नाही. औषधाला दाद न देणं आणि नासधूस करणं, या दोन्हींची जनुकं वेगळी असतात. एनडीएम नावाचं जनुक एक एन्झाइम बनवतं. ते मेरोपेनेमच्या रेणूतलं कडं फोडतं आणि औषध निकामी होतं. 2010 साली इथल्याच हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणारे 24 जंतू तपासले, त्यांतल्या 22 मध्ये हे जनुक निघालं. म्हणजे मुंबईला ते नवं नाही.

रोग वाढवणारी जनुकं निराळी. काही जनुकं जंतूभोवती इतकं जाड कवच चढवतात की पांढऱ्या रक्तपेशींना तो गिळता येत नाही. काही आपल्या शरीरातलं लोह ओढून घेतात. अशा जंतूची वसाहत, म्हणजे वाढलेला पुंजका, प्लेटवरून लूपने (तारेच्या छोट्या कड्याने) उचलली की पाकासारखी तार निघते. ती 5 मिलिमीटरपेक्षा लांब ताणली गेली की आम्ही सावध होतो, पण तेवढ्यावरून निदान होत नाही. हा प्रकार धडधाकट माणसाच्याही यकृतात गळू करू शकतो.

आयसीयूत भेटणारा क्लेबसिएला बहुतेक वेळा पहिल्या जातीचा असतो. औषधांना पुरून उरतो, पण निरोगी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. वडिलांना तो भारी पडतो याचं मोठं कारण म्हणजे नळ्या. घशातली, लघवीची, मानेतली सेंट्रल लाइन. नळीच्या आतून जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्याच्या आत औषध नीट पोहोचत नाही.

मला खरी धास्ती आहे ती दोन्ही गुण एकाच जंतूत येण्याची. ही जनुकं बऱ्याचदा प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात, आणि एक जंतू ती दुसऱ्याला देऊ शकतो. 2016 मध्ये चीनच्या हांगझोऊमधल्या एका आयसीयूत असा क्लेबसिएला पाच रुग्णांना झाला. पाचही दगावले. जुलै 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही याबद्दल इशारा दिला.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. आधी नमुना कशाचा होता ते विचारा. रक्तात सापडला तर गोष्ट गंभीर. घशातल्या नळीतून ओढलेल्या स्रावात सापडला, पण नवा ताप नाही, ऑक्सिजनची गरज वाढलेली नाही, तर तो नुसता वस्तीला आलेला असू शकतो. तेव्हा अँटिबायोटिक लागतंच असं नाही. ‘आणखी स्ट्राँग काहीतरी द्या’ असा आग्रह कृपा करून धरू नका. संसर्ग खरा असेल तर कोणतं एन्झाइम आहे ते तपासलंय का, हे विचारा. एनडीएम असेल तर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम एकट्याने चालत नाही, त्याला अ‍ॅझट्रिओनामची जोड द्यावी लागते.

आणि रोज सकाळी विचारा, ‘लघवीची नळी आज लागणार आहे का?’ माझ्या मोठ्या दिरांची नळी एका रुग्णालयात नऊ दिवस राहिली, कारण कोणीच विचारलं नाही. मीही नाही. ते मला अजून सलतं.

बाळ निरोगी असेल तर त्याला धोका कमी. आयसीयूतून निघताना हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, घरी कपडे बदला, मगच बाळाला घ्या. वडील घरी आल्यावरही हा जंतू आतड्यात काही महिने राहू शकतो, म्हणून त्यांचं डायपर बदलणाऱ्याने लगेच हात धुवावेत, आणि पुढे कधी दाखल करावं लागलं तर हा रिपोर्ट पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.